उन्हाळी खेळाडू-हस्तांतरण आणि संघसमतोल : रियल माद्रिदच्या चाहत्यांमधील वादाचे विवेचन (२००० ते २००६)

प्रस्तावना

युरोपातील फुटबॉलचा हंगाम साधारणतः मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होतो. मधल्या काळात मैदाने रिकामी असतात. परंतु फुटबॉलविषयीची चर्चा याच काळात सर्वाधिक रंगते. कोणता खेळाडू विकत घ्यावा, कोणाला जाऊ द्यावे, कोणत्या जागेवर संघ दुबळा आहे, हे प्रश्न क्लबच्या कार्यालयाइतकेच उपाहारगृहांत, कारखान्यांत आणि कौटुंबिक जेवणाच्या टेबलावर चर्चिले जातात. वरवर पाहता हा फावल्या वेळेचा विरंगुळा वाटतो. तथापि या चर्चेत मूल्यमापनाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. एखाद्या सामूहिक कार्यात कोणाच्या श्रमाचे मोल किती, आणि ते कोणी ठरवायचे, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार स्पेनमधील रियल माद्रिद या क्लबच्या उदाहरणाच्या आधारे केला आहे. या निवडीस दोन कारणे आहेत. पहिले असे की, २००० ते २००६ या काळात या क्लबने जगातील सर्वाधिक नामवंत खेळाडू एकत्र आणले आणि त्याच काळात संघसमतोलाचा प्रश्न तेथे सर्वांत तीव्रपणे पुढे आला. दुसरे असे की, हा क्लब सभासदांच्या मालकीचा असल्यामुळे तेथील चाहत्यांच्या मताला निवडणुकीचे परिमाण होते.

उद्दिष्टे

१) खेळाडू-हस्तांतरणाची व्यवस्था आणि तिचे आर्थिक गणित थोडक्यात स्पष्ट करणे.
२) 'संघसमतोल' या संकल्पनेचे घटक उलगडून दाखवणे.
३) चाहत्यांच्या युक्तिवादांपैकी कोणते पुढील घटनांच्या कसोटीवर उतरले आणि कोणते अपुरे ठरले, याची तपासणी करणे.

हस्तांतरणाची व्यवस्था

व्यावसायिक फुटबॉलपटू क्लबशी ठरावीक मुदतीच्या कराराने बांधलेला असतो. मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या क्लबला तो हवा असल्यास मूळ क्लबला मोबदला द्यावा लागतो. हाच हस्तांतरण-मोबदला होय. मुदत संपल्यानंतरही मोबदला मागण्याची जुनी प्रथा युरोपीय न्यायालयाच्या १५ डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निर्णयाने युरोपीय संघाच्या नागरिक-खेळाडूंपुरती मोडीत निघाली. याच निर्णयाने युरोपीय संघातील अन्य देशांच्या खेळाडूंवरील संख्येचे बंधनही दूर केले. परिणामी श्रीमंत क्लबांना खंडभरातील खेळाडू गोळा करणे शक्य झाले आणि खेळाडूंच्या वेतनातही मोठी वाढ झाली. पुढे २००२-०३ च्या हंगामापासून जागतिक संघटनेने हस्तांतरणासाठी वर्षातून दोनच कालखंड निश्चित केले. एक उन्हाळ्यात, दुसरा हंगामाच्या मध्यावर. उन्हाळी चर्चेला आज जी मुदतीची धार आहे, ती या नियमामुळे आलेली आहे. कारण ऑगस्टअखेर राहिलेली उणीव किमान जानेवारीपर्यंत भरून काढता येत नाही.

चाहत्यांच्या चर्चेत मोबदल्याची रक्कम हाच मुख्य आकडा असतो. क्लबच्या हिशेबवहीत मात्र ती रक्कम कराराच्या वर्षांमध्ये विभागून दाखवली जाते. समजा, एखादा खेळाडू ६ कोटी युरोंना पाच वर्षांच्या कराराने घेतला आणि त्याचे वार्षिक वेतन १ कोटी युरो आहे. तर त्याचा वार्षिक भार १ कोटी २० लाख अधिक १ कोटी, म्हणजे २ कोटी २० लाख युरो होतो. याउलट क्लबच्या स्वतःच्या प्रशिक्षणकेंद्रात घडलेला खेळाडू विकल्यास आलेली जवळजवळ सर्व रक्कम त्या वर्षीचा नफा म्हणून नोंदवता येते. घरचा खेळाडू विकून बाहेरचा का आणला, या चाहत्यांच्या नित्याच्या तक्रारीमागचे एक कारण या हिशेबात सापडते. नामवंत खेळाडूची किंमत त्याच्या नावाचे शर्ट विकून वसूल होते, हा लोकप्रिय समजही तपासून घ्यावा लागतो. शर्टाच्या किमतीतील मोठा वाटा निर्माता कंपनी आणि विक्रेते यांच्याकडे जातो. क्लबला मुख्यतः निर्मात्याशी झालेल्या वार्षिक करारातून आणि विक्रीवरील मर्यादित हिश्श्यातून उत्पन्न मिळते.

सभासदांचा क्लब आणि २००० ची निवडणूक

स्पेनमध्ये १९९० च्या क्रीडा कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपनीचे रूप घेणे भाग पडले. आर्थिक स्थितीच्या निकषावर चार क्लबांना यातून सूट मिळाली. रियल माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक बिलबाओ आणि ओसासुना हे ते चार क्लब होत. त्यांची मालकी 'सोसिओ' म्हणजे वर्गणीदार सभासदांकडे राहिली आणि अध्यक्षाची निवड सभासदांच्या मतदानाने होत राहिली.

२००० च्या उन्हाळ्यातील निवडणूक या दृष्टीने उद्बोधक आहे. विद्यमान अध्यक्ष लोरेन्झो सान्झ यांच्या कारकिर्दीत क्लबने १९९८ आणि २००० अशी दोनदा चॅम्पियन्स लीग जिंकली होती. तरीही बांधकाम व्यावसायिक फ्लोरेन्तिनो पेरेझ यांनी त्यांचा पराभव केला. क्लबवरील कर्ज हा प्रचाराचा एक मुद्दा होता. परंतु निर्णायक ठरले ते बार्सिलोनाचा कर्णधारपदाचा मान लाभलेला खेळाडू लुईस फिगो याला माद्रिदमध्ये आणण्याचे आश्वासन. फिगोच्या करारातील मुक्तीची रक्कम सुमारे १००० कोटी पेसेटा, म्हणजे जवळपास ६ कोटी युरो होती. ती भरण्यात आली आणि तो त्या काळचा जागतिक उच्चांक ठरला. उन्हाळी चर्चेतील एक इच्छा येथे थेट मतपत्रिकेवर उतरली होती. पुढे शहरातील क्लबच्या जुन्या सरावमैदानाच्या जमिनीचा वापर-प्रकार बदलून घेऊन ती विकण्यात आली आणि त्या पैशातून कर्ज फेडले गेले.

त्यानंतर दर उन्हाळ्यात एक मोठे नाव, असा क्रमच पडला. २००१ मध्ये झिनेदिन झिदान, २००२ मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो आणि २००३ मध्ये डेव्हिड बेकहॅम. झिदानसाठी दिलेल्या सुमारे साडेसात कोटी युरोंचा उच्चांक २००९ पर्यंत टिकून होता. तारांकित आघाडीवीर विकत घ्यायचे आणि बचावफळीतील जागा प्रशिक्षणकेंद्रातील तरुणांनी भरायच्या, हे या धोरणाचे सूत्र होते. झिदान आणि तरुण बचावपटू फ्रान्सिस्को पावोन यांच्या नावांवरून 'झिदान आणि पावोन' अशी त्याची ओळख रूढ झाली.

संघसमतोल म्हणजे काय

समतोल हा शब्द चाहते सर्रास वापरतात. परंतु त्यात किमान चार भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या असतात. पहिली, जागांचा समतोल : प्रत्येक जागेसाठी एक मुख्य आणि एक पर्यायी खेळाडू उपलब्ध असणे. दुसरी, कार्यांचा समतोल : चेंडू हिरावणारा, तो पुढे नेणारा, पासची गती ठरवणारा आणि गोल करणारा, अशी निरनिराळी कामे कोणी ना कोणी करीत असणे. तिसरी, वयाचा समतोल : अनुभवी, ऐन उमेदीतील आणि उगवते खेळाडू यांचे प्रमाण. चौथी, वेतनाचा समतोल : संघातील कामाचे महत्त्व आणि मिळणारा मोबदला यांत फार मोठी दरी नसणे.

यांपैकी जागांचा समतोल कागदावर मोजता येतो, म्हणून चर्चेत तोच अधिक येतो. कार्यांचा समतोल मात्र मैदानावरच दिसतो, आणि तोही पुष्कळदा त्यातील एखादा दुवा निखळल्यावरच. बचावात्मक मध्यरक्षकाचे काम याचे ठळक उदाहरण आहे. आक्रमक खेळाडू पुढे सरसावले की त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा निर्माण होते. प्रतिस्पर्ध्याने चेंडू हिरावताच तो त्याच जागेतून उलटा हल्ला करतो. ती जागा आधीच ओळखून तेथे उभे राहणे, हल्ला सुरू होताच त्याला अडवणे आणि मिळालेला चेंडू जवळच्या कुशल सहकाऱ्याकडे साध्या पासने सोपवणे, हे या खेळाडूचे कर्तव्य असते. त्याने ते चोख बजावले तर प्रेक्षकांच्या दृष्टीने काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही, आणि या कामाचे मोल ठरवताना नेमकी हीच अडचण उभी राहते.

दोन उन्हाळे : २००० आणि २००३

रियल माद्रिदच्या चाहत्यांनी हाच वाद तीन वर्षांच्या अंतराने दोनदा अनुभवला. २००० मध्ये फिगोच्या आगमनाबरोबरच मध्यफळीचा आधारस्तंभ फर्नांडो रेडोंडो याची एसी मिलानला विक्री झाली. चॅम्पियन्स लीगच्या विजयात रेडोंडोचा वाटा मोठा होता आणि त्याच्या जाण्याचा चाहत्यांनी उघड निषेध केला. परंतु त्याच उन्हाळ्यात सेल्टा व्हिगोकडून क्लॉड मॅकेलेले या फ्रेंच खेळाडूला घेण्यात आले होते. रेडोंडोची डौलदार शैली त्याच्याकडे नव्हती. तथापि मोकळी जागा राखण्याचे कार्य त्याने पूर्णतः उचलले. २००१ आणि २००३ ची राष्ट्रीय लीग आणि २००२ ची चॅम्पियन्स लीग या मध्यफळीच्या बळावर जिंकली गेली. रेडोंडो मात्र गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे मिलानसाठी फारच थोडे सामने खेळू शकला.

२००३ च्या उन्हाळ्याचे चित्र निराळे होते. जूनमध्ये क्लबने लीगचे विजेतेपद मिळवले आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक विन्सेन्ते डेल बोस्क यांचा करार न वाढवण्याचा निर्णय जाहीर झाला. दीर्घकाळ बचावफळी सांभाळणारा कर्णधार फर्नांडो हिएरो हाही बाहेर पडला. स्टीव्ह मॅकमॅनामन मँचेस्टर सिटीकडे गेला. फर्नांडो मोरिएन्तेस मोनाकोला आणि फ्लाव्हियो कॉन्सेसाओ बोरुसिया डॉर्टमुंडला उसनवारीवर पाठवण्यात आले. संघातील तारांकित खेळाडूंच्या तुलनेत पुष्कळच कमी वेतन घेणाऱ्या मॅकेलेलेने वाढ मागितली. ती नाकारली गेली आणि हस्तांतरणाचा काळ संपता संपता चेल्सीने त्याला सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांना विकत घेतले. आलेल्यांमध्ये सर्वांत मोठे नाव होते डेव्हिड बेकहॅमचे. उजव्या बगलेवर फिगो असल्यामुळे बेकहॅमला बहुतांश वेळ मध्यभागी खेळावे लागले.

या व्यवहारांवर माद्रिदमध्ये दोन तट पडले. एका बाजूचा युक्तिवाद असा होता की, चेंडू सतत आपल्याच ताब्यात राहिला तर तो हिरावण्यासाठी वेगळा खेळाडू कशाला हवा. शिवाय बेकहॅममुळे आशियाई बाजारपेठ खुली होईल आणि त्या उत्पन्नातून पुढील खरेदी शक्य होईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, संघात पुढे धावणारे पाच-सहा जण असताना मागे थांबणारा एकही न उरणे म्हणजे छप्पर सजवण्यासाठी खांब काढून घेण्यासारखे आहे. क्लबच्या धुरीणांचा कल अर्थातच पहिल्या बाजूकडे होता.

पुढील हंगामाचे आकडे बोलके आहेत. २००२-०३ मध्ये रियल माद्रिदने लीगमधील ३८ सामन्यांत ८६ गोल केले आणि ४२ स्वीकारले. २००३-०४ मध्ये ७२ गोल केले आणि ५४ स्वीकारले. स्वीकारलेले गोल १२ ने वाढले, हे एकवेळ अपेक्षित मानता येईल. पण जगातील सर्वांत खर्चिक आघाडीफळीचे स्वतःचे गोलही १४ ने घटले. मागची जागा असुरक्षित झाली की पुढच्या खेळाडूंनाही मागे धावावे लागते आणि हंगामाच्या उत्तरार्धात त्यांची दमछाक होते, हे याचे एक संभाव्य स्पष्टीकरण होय. मार्च २००४ मध्ये राजचषकाच्या अंतिम सामन्यात रियल सारागोसाने त्यांना ३-२ असे हरवले. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मोनाकोने त्यांना बाहेर काढले, आणि त्यांच्यासाठी दोन्ही सामन्यांत गोल करणारा होता रियलनेच उसना दिलेला मोरिएन्तेस. लीगमधील अखेरचे पाचही सामने गमावून संघ चौथ्या स्थानी घसरला. तिकडे मॅकेलेलेच्या चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत केवळ १५ गोल स्वीकारून इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, आणि त्याच्या जागेला इंग्लंडमध्ये त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

कारणमीमांसेतील सावधगिरी

या घटनाक्रमावरून एका खेळाडूच्या जाण्याने साम्राज्य कोसळले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि चाहत्यांच्या स्मृतीत तो निष्कर्ष पक्का रुजलेला आहे. परंतु त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक बदलला होता, कर्णधार गेला होता आणि पर्यायी खेळाडूंची फळी विरळ झाली होती. अनेक कारणे एकाच वेळी कार्यरत असताना त्यांतील एकाला संपूर्ण श्रेय वा दोष देणे शास्त्रीय दृष्टीने योग्य ठरत नाही. शिवाय एस्तेबान कांबियासो हा याच कामासाठी योग्य खेळाडू संघात होता. २००४ मध्ये त्याला मोबदल्याविना जाऊ दिले गेले आणि पुढे तो इंटर मिलानच्या २०१० मधील युरोपीय विजयाचा महत्त्वाचा घटक ठरला. म्हणजे खेळाडू नसण्याइतकीच, असलेल्या खेळाडूचे कार्य न ओळखण्याचीही ही समस्या होती.

२००० आणि २००३ यांची तुलना येथे उपयुक्त ठरते. दोन्ही वेळी चाहत्यांची चिंता सारखीच होती. २००० मध्ये व्यक्ती गेली, पण तिचे कार्य करणारा दुसरा आला. म्हणून चिंता अनाठायी ठरली. २००३ मध्ये व्यक्तीबरोबर कार्यही गेले. म्हणून ती खरी ठरली. लाडका खेळाडू गेला या दुःखात आणि संघातील एक काम अनाथ झाले या निदानात फरक करणे, ही चाहत्यांच्या चर्चेची खरी कसोटी होय.

अन्य क्लबांच्या अनुभवातूनही या मुद्द्याला पुष्टी मिळते. लेस्टर सिटीने २०१५ मध्ये फ्रान्समधील कान या क्लबकडून एन्गोलो कान्ते याला घेतले आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. त्या उन्हाळ्यात तो चेल्सीकडे गेला; २०१७ मध्ये चेल्सी विजेता ठरला आणि लेस्टर बाराव्या स्थानी राहिला. याउलट टॉटनहॅमने २०१३ मध्ये गॅरेथ बेलच्या विक्रीच्या सुमारास सात खेळाडू एकदम घेतले. जागा भरल्या, पण इतक्या नव्या खेळाडूंचा मेळ बसण्यास अवधी मिळाला नाही. डिसेंबरमध्ये प्रशिक्षक आंद्रे व्हिलास-बोआस यांना जावे लागले. त्या सातांपैकी दीर्घकाळ सर्वाधिक उपयोगी पडलेला ख्रिस्तियान एरिक्सन हा सर्वांत महागड्यांपैकी नव्हता.

महसूल, विजय आणि चाहत्याचा अधिकार

पेरेझ यांच्या धोरणाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २००४-०५ मध्ये कोणताही मोठा चषक नसताना रियल माद्रिद महसुलाच्या बाबतीत मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून जगात पहिल्या क्रमांकावर आला. बेकहॅमच्या खरेदीविषयीचा व्यापारी युक्तिवाद त्याच्या मर्यादेत चुकीचा नव्हता. प्रश्न असा की, वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदाने क्लबचे यश कोणत्या मापाने मोजावे. २००३-०४ ते २००५-०६ या हंगामांत संघाला लीग वा युरोपीय विजेतेपद मिळाले नाही. २००४ मध्ये वॉल्टर सॅम्युएल आणि जानेवारी २००५ मध्ये थॉमस ग्राव्हेसेन यांना घेऊन उणीव भरण्याचे प्रयत्न झाले, पण ते अपुरे ठरले. फेब्रुवारी २००६ मध्ये पेरेझ यांनी राजीनामा दिला. नव्या अध्यक्षांच्या काळात प्रशिक्षक फाबियो कापेल्लो यांनी एमर्सन आणि महामदू दियारा हे दोन बचावात्मक मध्यरक्षक घेतले आणि २००७ मध्ये लीग जिंकली. तरीही रुक्ष खेळाच्या कारणावरून त्यांना दूर केले गेले. समतोल हवा, पण तो देखणाही हवा, ही सभासदांची दुहेरी अपेक्षा यातून दिसते.

पेरेझ २००९ मध्ये परतले. २०१२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी वीस वर्षांच्या सभासदत्वाची आणि मोठ्या वैयक्तिक बँक-हमीची अट घालण्यात आली. २०१३, २०१७, २०२१ आणि २०२५ मध्ये ते बिनविरोध निवडून आले. चर्चा पूर्वीप्रमाणेच सुरू राहिली. मात्र तिचे मतपेटीशी असलेले नाते क्षीण झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात टोनी क्रूस निवृत्त झाला आणि किलियन एम्बापे आला, तेव्हा हाच वाद जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा उभा राहिला. खेळाची गती ठरवणाऱ्या क्रूसच्या जागी कोणी घेतला गेला नाही. २०२४-२५ मध्ये एम्बापेने भरपूर गोल केले, तरी संघ लीगमध्ये दुसरा आला, राजचषकाचा अंतिम सामना हरला आणि चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनलकडून पराभूत झाला. बचावफळीतील कार्वाखाल आणि मिलिताओ यांच्या दीर्घ दुखापतींचाही त्यात वाटा होता, हे येथेही लक्षात घ्यावे लागते.

निष्कर्ष

१) उन्हाळी हस्तांतरणाविषयीची चाहत्यांची चर्चा ही केवळ भावनिक प्रतिक्रिया नसून तीत संघरचनेचे प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले ज्ञान असते. दर आठवड्याला मैदानावर बसणाऱ्या सभासदाला २००३ मध्ये जे दिसले, ते क्लबच्या धुरीणांना दिसले नाही.

२) या ज्ञानाला मर्यादाही आहेत. चाहते व्यक्ती आणि कार्य यांची गल्लत करतात, एका कारणाला सर्व श्रेय देतात आणि मोबदल्याचा आकडा म्हणजेच खर्च असे मानतात.

३) संघसमतोल जागा भरल्याने साधत नाही, प्रत्येक कार्य कोणीतरी करीत आहे ना, याची खातरजमा केल्याने तो साधतो. गेलेल्या खेळाडूबद्दल विचारण्याचा पहिला प्रश्न 'त्याचे काम आता कोण करणार' हा असावा.

४) बाजारपेठ दिसणाऱ्या कामाचे मोल चटकन ठरवते, न दिसणाऱ्या कामाचे मोल तिला उशिरा कळते. मॅकेलेलेने मागितलेली वेतनवाढ ही फिगो वा बेकहॅमवरील खर्चाच्या मानाने किरकोळ होती. ती नाकारण्याची किंमत क्लबने पुढील तीन हंगाम मोजली, आणि वर्गणी भरणाऱ्या सभासदांनीही ती सोसली.